गळाच्या दोरीची ताकद

रॉड-रिळावर मासे धरताना गळाची दोरी जेवढ्या ताणाला तुटते, ती तिची ताकद. ती किलोत किंवा पौंडात सांगतात. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो, त्यामुळे ‘२० पौंडी’ दोरी साधारण ९ किलोची. नायलॉनच्या एकपदरी पारदर्शक दोरीला कोकणात तंगूस म्हणतात. पाकिटावर ताकदीशेजारी जाडीही मिलिमीटरमध्ये छापलेली असते, आणि रिळाला दोरी जमेल की नाही हे मुख्यतः या जाडीवर ठरते.

दहा किलोच्या माशाला दहा किलोची दोरी हवी, असा नवख्यांचा हमखास समज असतो. पण पाण्यात माशाचे बहुतेक वजन पाणीच पेलते. दोरीवर येतो तो त्याच्या धावेचा ताण. ही धाव एकदम अडवायची नसते, मासा दमेपर्यंत त्याला ओढत राहू द्यायचे असते. त्यासाठी रिळात ड्रॅग असतो. ठरवलेल्या ताणापुढे तो स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, घसरू देतो आणि दोरी सुटत जाते. ऑस्ट्रेलियातील सेडुना येथे १९५९ मध्ये आल्फ्रेड डीन यांनी १,२०८ किलोचा पांढरा शार्क गळाने धरला, तो १३० पौंडी दोरीवर. म्हणजे दोरीची ताकद माशाच्या वजनाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतकी होती.

ड्रॅग सहसा दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावतात. ९ किलोच्या दोरीला तो सव्वादोन ते तीन किलो होतो. दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून, टोकाला वजनाचा स्प्रिंग-काटा अडकवून, रॉड वाकवून ओढले की नेमका आकडा कळतो. बोटाने ओढून बांधलेला अंदाज बहुधा चुकतो. उरलेली ताकद वाया जात नाही. गाठीपाशी दोरी कमजोर होते, नायलॉन पाणी शोषून आणखी थोडे नरमते, वर अचानक बसणारे हिसके. शिवाय दोरी सुटत जाते तसा स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास घटतो. तो निम्मा झाला की ड्रॅगला हात न लावताही दोरीवरचा ताण दुप्पट होतो. मोठा मासा लांब गेल्यावर दोरी तुटते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

जाडीचा हिशेब वर्गाचा (जाडी गुणिले जाडी) आहे. स्पूलवर ०.३० मिमीची २०० मीटर दोरी मावत असेल, तर ०.३५ची सुमारे १४७ आणि ०.४०ची ११२ मीटरच मावते. जाड दोरी फेकताना कड्यांशी जास्त घासते, वारा आणि प्रवाह तिला जास्त ढकलतात, लहान स्पूलवर तिच्या वेटोळ्या सुटून गुंता होतो. ‘जाड घ्या, तुटायला नको’ हा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा. ढोबळमानाने १००० ते २५०० आकाराच्या स्पिनिंग रिळाला ४ ते ८ पौंडी नायलॉन, ४०००ला १० ते १४ पौंडी आणि ६०००ला २० पौंडी चालते. आकाराचे हे आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात; विश्वास ठेवावा तो स्पूलवर छापलेल्या क्षमतेवर. दोरी स्पूलच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटर राहील इतकीच भरतात.

नायलॉनपूर्वी रेशमाच्या आणि जवसाच्या धाग्याच्या दोऱ्या असत, त्या वापरानंतर वाळवाव्या लागत. ड्यूपाँ कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले आणि चित्र पालटले. नायलॉन चांगले ताणते, त्यामुळे हिसके सोसते. पॉलिथिलीनच्या अतिबळकट तंतूंची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड, त्याच ताकदीला बरीच बारीक असते आणि जवळजवळ ताणत नाही. माशाने तोंड लावलेले लगेच हाताला कळते, पण झटकाही थेट गाठीवर येतो. गुळगुळीत स्पूलवर ती फिरते, म्हणून खाली आधी थोडे नायलॉन गुंडाळतात. जपानी पद्धतीत ब्रेड ‘पीई’ क्रमांकाने विकतात. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी जाडी. हा आकडा ताकदीचा नाही, हे दुकानात पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कोकणच्या खाड्यांत निवड माशाच्या वजनापेक्षा जागेवर जास्त ठरते. तांबोशी गळ लागताच खडकाच्या फटीत किंवा कांदळवनाच्या मुळांत घुसते. तिला लांब धावू देण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे मोकळ्या पाण्यापेक्षा जाड दोरी आणि घट्ट ड्रॅग लागतो. जिताड्याच्या कल्ल्यावरची धार बारीक दोरी कापते, तेव्हा टोकाला हात-दीड हात जाड नायलॉनचा किंवा फ्लुरोकार्बन या प्लॅस्टिकचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडतात. सुरमईच्या दातांपुढे तोही टिकत नाही, तिथे तारच हवी.

१९३९ मध्ये स्थापन झालेली आयजीएफए ही गळाच्या मासेमारीची आंतरराष्ट्रीय संस्था विक्रमांची नोंद दोरीच्या ताकदीच्या वर्गांनुसार ठेवते: २, ४, ६, ८, १२, १६, २०, ३०, ५०, ८० आणि १३० पौंड. विक्रमाच्या दाव्यासोबत आलेली दोरी ओली करून तपासतात. त्या वर्गाच्या म्हणून विकलेल्या दोऱ्या छापील आकड्याच्या आत तुटाव्यात अशा बनवतात. साध्या दोऱ्या मात्र बहुधा आकड्यापेक्षा जास्त ताण घेतात.

ऊन, मीठ आणि खडकावरचे घासणे यांनी नायलॉनची ताकद उतरते. सुरुवातीच्या काही मीटरांवरून नख फिरवून खरखरीत लागला तेवढा भाग कापून टाकतात. दोरी पांढुरकी पडली असेल तर सगळीच बदलतात.