गोळी आज, गुण तिसऱ्या आठवड्यात

जुलै २०२२ मध्ये ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’ या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नैराश्य हे मेंदूतील सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारे एक रसायन, कमी पडल्यामुळे येते, या समजुतीला सातत्यपूर्ण पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढच्या काही दिवसांत जगभरच्या मथळ्यांत त्याचे रूपांतर ‘नैराश्यावरची औषधे निरुपयोगी’ असे झाले. ही दोन विधाने एक नव्हेत. रोगाचे कारण काय आणि औषध लागू पडते की नाही, हे स्वतंत्र प्रश्न आहेत आणि या औषधांच्या बाबतीत त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणेच मिळत गेली. १९५२ च्या सुमारास क्षयरोगासाठी इप्रोनियाझिड दिलेल्या रुग्णांची मनःस्थिती अनपेक्षितपणे उजळू लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले, तेव्हा सेरोटोनिनचा सिद्धांत जन्मालाही आला नव्हता. औषध आधी सापडले, स्पष्टीकरण मागून आले, आणि ते घाईने आल्यामुळे कच्चे राहिले.

औषधे लागू पडतात का, याचे उत्तर चाचण्यांतून शोधावे लागते. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांची माहिती एकत्र केली होती. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे औषधविरहित गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, सरस ठरली. मात्र सरासरी फरक माफक होता आणि बहुतेक चाचण्या सुमारे आठ आठवड्यांच्याच होत्या. ‘जादूची गोळी’ आणि ‘निव्वळ फसवणूक’ ही दोन्ही वर्णने या आकड्यांत बसत नाहीत.

या औषधांपैकी सर्ट्रालिन हे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९९१ मध्ये त्याला मान्यता दिली. नैराश्याखेरीज भयाचे झटके, मंत्रचळ (ओसीडी), सामाजिक प्रसंगांची अतीव भीती, आघातानंतरचा मानसिक ताण आणि पाळीपूर्वीचा तीव्र मनोविकार यांवरही ते दिले जाते. मंत्रचळासाठी तर सहा वर्षांपुढील मुलांनाही. हृदयविकाराच्या रुग्णांवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली ३६९ जणांची चाचणी विशेष महत्त्वाची आहे, कारण नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उठणारी छातीतील कळ) होऊन गेलेल्या आणि शिवाय नैराश्य असलेल्या या रुग्णांमध्ये सर्ट्रालिनमुळे हृदयाचे कार्य बिघडल्याचे आढळले नाही. नैराश्यावरच्या आधीच्या पिढीतील ट्रायसायक्लिक औषधांविषयी, हृदयाच्या ठोक्यांवरील त्यांच्या परिणामामुळे, असे म्हणण्याची सोय नव्हती.

आता मुख्य कोड्याकडे येऊ. सर्ट्रालिनची गोळी पोटात गेल्यावर साधारण साडेचार ते साडेआठ तासांत रक्तातील तिचे प्रमाण शिखराला पोहोचते. रेणूंचे मेंदूतील काम त्याच दिवशी सुरू होते. तरीही रुग्णाला स्पष्ट गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मंत्रचळात तर आठ ते बारा. मधल्या काळात मेंदूत नेमके काय चाललेले असते?

दोन चेतापेशींच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत सेरोटोनिन सोडले जाते, ते पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटते, आणि संदेश पोहोचला की सोडणारी पेशीच ते परत ओढून घेते. हे परत ओढण्याचे काम पेशीच्या पटलात रुतलेले एक वाहक प्रथिन करते. त्याची रचना दोन्हीकडे दार असलेल्या, पण एका वेळी एकच दार उघडणाऱ्या खोलीसारखी आहे. बाहेरचे दार उघडे असताना सेरोटोनिनचा एक रेणू सोडियम आणि क्लोराइड यांच्या आयनांसह आत येतो. मग बाहेरचे दार मिटते, आतले उघडते आणि रेणू पेशीत उतरतो. हे सारे ढकलण्याची ऊर्जा मिळते ती पेशीबाहेर सोडियम जास्त आणि आत कमी असल्यामुळे. २०१६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या वाहकाची रचना उलगडली, तेव्हा पॅरॉक्सेटिन आणि एसिटॅलोप्राम ही सर्ट्रालिनची भावंडे खोलीच्या बरोबर मध्यभागी, सेरोटोनिनच्याच जागेवर, पाचरीसारखी अडकलेली दिसली. पाचर बसली की बाहेरचे दार मिटत नाही आणि आतले उघडत नाही. सेरोटोनिन फटीतच रेंगाळते.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते, आणि ती इथेच संपली असती तर गुण संध्याकाळपर्यंत यायला हवा होता. खरी गंमत पुढे आहे. मेंदूतील सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी अगदी थोड्या आहेत. मानवी मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी काही लाख, आणि त्या मस्तिष्कस्तंभातील रॅफे नावाच्या पुंजक्यांत दाटीने बसलेल्या असतात. तिथून त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पसरतात. या पेशींच्या स्वतःच्या अंगावरही सेरोटोनिनचे ग्राही असतात. त्यांना स्वग्राही म्हणू. त्यांचे काम पहारेकऱ्याचे: आपल्या आसपास सेरोटोनिन वाढले असे त्यांना कळले की ते पेशीला गप्प बसवतात.

पहिल्या गोळीनंतर वाहक अडतो, रॅफेच्या आसपासही सेरोटोनिन साचते, स्वग्राही सावध होतात आणि पेशींचे स्पंदन मंदावते. म्हणजे एकीकडे तंतूंच्या टोकाशी परत ओढणे थांबले, तर दुसरीकडे मुळात सोडणेच कमी झाले. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबावा आणि त्याच क्षणी ब्रेकही लागावा, तसे. मात्र पहारेकऱ्यांचा बंदोबस्त कायम टिकत नाही. सतत दोन-तीन आठवडे सेरोटोनिनचा मारा झाला की स्वग्राहींची संवेदनक्षमता घटते, पेशी पुन्हा पूर्वीच्या गतीने स्पंदू लागतात, आणि वाहक तर अजूनही अडलेलाच असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत हा क्रम १९८० च्या दशकात मोजला गेला, आणि त्याचा कालावधी रुग्णाला गुण येण्याच्या कालावधीशी विलक्षण जुळला.

जुळणी सुंदर आहे म्हणून ती खरी ठरत नाही, याची जाणीव संशोधकांना होती. पहारेकऱ्यालाच पहिल्या दिवसापासून झोपवले तर गुण लवकर यायला हवा, असा त्यांनी तर्क केला आणि १९९४ पासून रक्तदाबावरील पिंडोलॉल हे औषध जोडीला देऊन पाहिले, कारण ते या स्वग्राहींना काही अंशी अडवते. पहिल्या दोन आठवड्यांत काही चाचण्यांत सुधारणा थोडी लवकर दिसली, काहींत नाही, आणि पुढे फरक उरला नाही. म्हणून ब्रेकची गोष्ट उत्तराचा एक भाग असावी, संपूर्ण उत्तर नव्हे. उरलेला भाग बहुधा चेतापेशींच्या जोडण्या नव्याने घडण्याच्या संथ प्रक्रियेत आहे. त्याचबरोबर काही प्रयोगांत असेही दिसले की औषधाच्या अगदी सुरुवातीच्या मात्रांनंतरही चेहऱ्यांवरील भाव ओळखताना नकारात्मकाकडे झुकणारा कल बदलतो, जरी त्या व्यक्तीला मनःस्थिती बदलल्यासारखे वाटत नसले तरी. म्हणजे जगाकडे पाहण्याची नजर आधी बदलते, मनःस्थिती सावकाश मागून येते.

जाता जाता ‘आनंदाचे संप्रेरक’ या लाडक्या शब्दप्रयोगाविषयी. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, आणि तेथील सेरोटोनिन रक्त व मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडू शकत नाही. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे. ते खाऊन मेंदूतील सेरोटोनिन वाढते, हे खोटे. आणि मनोविकारतज्ज्ञाने दिलेली प्रत्येक गोळी ही ‘झोपेची गोळी’ असते व तिची चटक लागते, हा समजही तितकाच निराधार आहे. सर्ट्रालिनने नशा येत नाही, त्याची ओढ लागत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची हाव सुटत नाही.

औषधाच्या सुरक्षिततेचे बरेचसे प्रश्न याच वाहकातून आणि याच वेळापत्रकातून निघतात. आतड्यांतील सेरोटोनिनवर परिणाम झाल्याने पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ आणि जुलाब होतात. सर्ट्रालिनने जुलाब त्याच्या भावंडांपेक्षा अधिक होतात. त्रास आधी आणि गुण नंतर, अशी उलटी रांग लागल्याने अनेक जण नेमके चुकीच्या आठवड्यात औषध सोडतात. लैंगिक इच्छा किंवा तृप्ती कमी होणे हा त्रास मात्र आपोआप ओसरेलच असे नाही, आणि संकोचामुळे तो डॉक्टरांपर्यंत पोहोचतही नाही.

रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या रक्तातील सूक्ष्म कणांवरही हाच वाहक असतो. प्लेटलेटना स्वतःला सेरोटोनिन बनवता येत नाही, रक्तातून उचलून साठवावे लागते, आणि जखम झाली की तेच बाहेर टाकून त्या एकमेकींना गोळा करतात. वाहक अडला की साठा रिकामा होत जातो. म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन सोबत घेतल्यास पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, रक्तातील सोडियम घटून गोंधळल्यासारखे होऊ शकते. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे सेरोटोनिन मोडणारे विकर रोखणारी औषधे आणि सर्ट्रालिन यांच्यात किमान १४ दिवसांचे अंतर लागते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांच्याशी गाठ पडली तरी सेरोटोनिनचा अतिरेक होऊन कंप, घाम, ताप, स्नायूंचे झटके अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. सर्ट्रालिनच्या द्रवरूप औषधात १२ टक्के अल्कोहोल असते, त्यामुळे दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला ते देता येत नाही.

सर्वांत गंभीर इशारा तरुणांविषयी आहे. २४ चाचण्यांतील ४,४०० हून अधिक मुले व किशोर यांच्या विश्लेषणात आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांत २ टक्के आढळले. या चाचण्यांत आत्महत्येने एकही मृत्यू झाला नव्हता. त्यावरून २००४ मध्ये अमेरिकेत वेष्टनावर काळ्या चौकटीतील सूचना आली आणि २००७ मध्ये ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाली. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. अस्वस्थता, चिडचिड, झोप उडणे दिसले किंवा मरणाची भाषा ऐकू आली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे असते. ज्याला पूर्वी उन्मादाचे (मन अतिउत्तेजित होण्याचे) झटके आले आहेत त्याने ते आधीच सांगायला हवे, कारण हे औषध उन्माद चेतवू शकते.

शेवटी औषध थांबवण्याचे गणित, ज्यात कदाचित काही वाचक हात टेकतील. पेट स्कॅनने, म्हणजे किरणोत्सारी खूण वापरून मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या तपासणीने, मोजल्यास सर्ट्रालिनच्या रोजच्या ५० मिलिग्रॅम मात्रेत सुमारे ८० टक्के वाहक अडलेले दिसतात. मात्रा आणि अडलेले वाहक यांचा संबंध सरळ रेषेचा नाही. औषध वाहकाला चिकटण्याचे साधे सूत्र वापरून ढोबळ हिशोब मांडला, तर १०० मिलिग्रॅमला सुमारे ८९ टक्के, २५ ला ६७ आणि साडेबाराला ५० टक्के वाहक अडतात. म्हणजे १०० वरून ५० वर येताना अवघ्या नऊ टक्क्यांचा फरक पडतो, तर शेवटच्या साडेबारावरून शून्यावर येताना एकदम पन्नास टक्क्यांचा. औषध अचानक सोडल्यावर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जी संवेदना काहींना होते, ती बहुधा याच उताराची असते. ती मूळ आजार परतल्याची खूण समजून घाबरण्याची चूक रुग्ण करतात, कधी कधी डॉक्टरही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवताना सुरुवातीचे टप्पे मोठे ठेवले तरी चालतात. पण अर्ध्या-पाव गोळीचा, दिसायला क्षुल्लक असलेला तो शेवटचा टप्पा आणखी बारीक तुकड्यांत, अनेकदा द्रवरूप औषधाच्या मोजक्या थेंबांनी, आठवड्यामागून आठवडे उतरावा लागतो.