डोळ्यांच्या तपासणीतली 'सदेह' बुद्धिमत्ता : पार्श्वभूमी

पाहणे, ठरवणे आणि त्याप्रमाणे हालचाल करणे ही तिन्ही कामे एकाच यंत्राने केली, तर त्याला सदेह कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. नेत्रचिकित्सेत मात्र देह आणि बुद्धी वेगवेगळ्या वाटांनी आले.

देह आधी आला. सर्जनच्या हाताची थरथर गाळणारी यंत्रे १९९० च्या दशकापासून प्रयोगशाळांत होती. २०१६ मध्ये ऑक्सफर्डला माणसाच्या डोळ्याच्या आत प्रथमच रोबोटने काम केले. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचा (रेटिनावरचा) पापुद्रा सोलायचा होता, जाडी एक शतांश मिलिमीटर. पण जॉयस्टिक सर्जनच्याच हातात होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस सव्वा लाखाहून अधिक पडद्याच्या फोटोंवर शिकवलेली एक संगणकप्रणाली मधुमेहाने पडद्याला झालेली इजा ओळखू लागली. त्यांतले बरेच फोटो भारतातल्या नेत्ररुग्णालयांतले होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

खरा गुंता एप्रिल २०१८ चा. अमेरिकेत अशा एका प्रणालीला 'स्वायत्त' म्हणून परवानगी मिळाली. डॉक्टरने फोटो पुन्हा पाहण्याची गरज नाही. उत्तरे दोनच : नेत्रतज्ज्ञाकडे जा, किंवा बारा महिन्यांनी परत या. चाचणीत सुमारे ९०० रुग्ण होते. संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी बरोबर ओळखले गेलेले, ८७ टक्के भरली. मग स्वायत्त नेमके काय? निदान. रुग्णाला बसवणे, हनुवटी टेकवून घेणे, फोटो धूसर आला तर पुन्हा काढणे, हे सगळे माणूसच करत होता, तेही चार तासांच्या प्रशिक्षणावर. त्या माणसाला 'स्वायत्त' या शब्दात जागाच नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. पुढे थायलंडच्या आरोग्य केंद्रांत परिचारिकांनी काढलेल्या फोटोंपैकी २१ टक्के फोटो प्रणालीने नाकारले. खोलीतला उजेड हे त्याचे एक मोठे कारण होते. फेरा मात्र रुग्णाला पडला. दुसऱ्या रुग्णालयात जा, असे त्याला सांगितले गेले.

मुंबईत पालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनवरचा फंडस कॅमेरा (डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा) आणि इंटरनेटशिवाय चालणारे एआय वापरून झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही कॅमेरा माणसाच्याच हाती होता.

कॅमेऱ्यामागचा हात बदलला तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी ओसीटी स्कॅनर (प्रकाशाने डोळ्याच्या आतल्या थरांची चित्रे घेणारे यंत्र) रोबोटच्या हातावर बसवला. हनुवटी टेकवायची नाही, समोर नुसते उभे राहायचे; हात चेहरा शोधतो, बाहुलीवर नेम धरतो आणि माणूस हलला तर सोबत हलतो. स्कॅन वाचण्याचे काम मात्र त्या हाताकडे नव्हते.