दोनदा लिहिलेला एक सामना : १९१०च्या सरासरीचा वाद

१९१० साली मोटारी बनवणाऱ्या ह्यू चाल्मर्स यांनी जाहीर केलं, की बेसबॉलच्या बड्या लीगमध्ये ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वांत जास्त, त्याला चाल्मर्स मोटार बक्षीस. अमेरिकन लीगमध्ये चुरस दोघांत होती. एक डेट्रॉइटचा टाय कॉब, असामान्य गुणी पण खेळाडूंमध्ये फारसा कुणाला न आवडणारा. दुसरा क्लीव्हलँडचा नॅप लॅजवे. तो एवढा लोकप्रिय, की त्याच्या संघालाच ‘नॅप्स’ म्हणत.

बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी बाद होण्याच्या संख्येवर काढत नाहीत. मैदानावर धावून गाठायचे चार थांबे असतात, त्यांना बेस म्हणतात; चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की एक हिट. हिट्सना हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या खेपांनी भागायचं. दहा खेपांत चार हिट्स म्हणजे .४००.

आपली आघाडी पक्की समजून कॉब शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. ९ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये ब्राउन्सविरुद्ध क्लीव्हलँडचे एकाच दिवशी दोन सामने होते. ब्राउन्सचा संघ त्या मोसमात १०७ सामने हरला, त्यामुळे निकालाची कुणाला पडलेली नव्हती. लॅजवेला सोप्या हिट्स मिळाव्यात म्हणून त्यांचा मॅनेजर जॅक ओ’कॉनर याने थर्ड बेसवरच्या रेड कॉरिडन या नवख्या पोराला पार मागे, गवताच्या कडेला उभं राहायला सांगितलं. लॅजवेने पहिल्या खेपेला चेंडू लांब मारून तीन बेस घेतले. मग समोरची मोकळी जागा दिसल्यावर तो नुसता बॅट लावून चेंडू हळूच थर्ड बेसकडे ढकलत राहिला. कॉरिडन धावत पुढे येईपर्यंत लॅजवे फर्स्ट बेसवर पोचलेला असे. दिवसाअखेर आठपैकी आठ! .३७६ची सरासरी थेट .३८४वर गेली. हिशेबात न धरलेल्या आणखी एका खेपेलाही हिट लिहावी म्हणून ब्राउन्सचा कोच हॅरी हॉवेल याने अधिकृत स्कोअररला नव्या सुटाचं आमिष दाखवलं. स्कोअरर बधला नाही.

लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी चौकशी केली. ओ’कॉनर आणि हॉवेल यांना बाहेरची वाट दाखवली गेली, कॉरिडन निर्दोष ठरला. कॉब .३८५१, लॅजवे .३८४१, असा निवाडा झाला. चाल्मर्सनी मोटारी मात्र दोघांनाही दिल्या आणि पुढच्या वर्षी बक्षीस सरासरीवर न ठेवता सर्वांत मोलाच्या खेळाडूला द्यायचं ठरवलं.

पुढे संशोधक पीट पामर यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा डेट्रॉइटचा एक सामना कॉबच्या खात्यात दोनदा चढलेला सापडला. १९८१मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने ते छापलं. तीन खेपा आणि दोन हिट्स जास्त! त्या वजा केल्या, की ५०९मध्ये १९६ हिट्सच्या जागी ५०६मध्ये १९४ उरतात, म्हणजे .३८३. लॅजवे वर जातो. बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर बोवी कून यांनी निकाल बदलायला नकार दिला.

मला हा नकार पटत नाही. लॅजवेच्या हिट्स आंदण मिळाल्या हे खरं, पण त्या मैदानावर घडल्या होत्या. कॉबचा तो दुसऱ्यांदा लिहिलेला सामना कुठेच झाला नव्हता.

त्या दोन हिट्स कॉबच्या कारकिर्दीच्या बेरजेतही गेल्या : ४१८९च्या जागी ४१९१. ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीच्या पीट रोझने ४१९२वी हिट मारली, तेव्हा कॉबचा सर्वाधिक हिट्सचा विक्रम मोडला म्हणून सगळ्या स्टेडियमने उभं राहून जल्लोष केला. दुरुस्त हिशेबाने तो विक्रम तीन दिवस आधीच, शिकागोत मोडला होता.