टीव्हीवरचे स्वयंपाकतज्ज्ञ आणि घरदुरुस्तीतज्ज्ञ

टीव्हीवर रांधून दाखवणारी किंवा घराची डागडुजी, सुतारकाम, रंगकाम करून दाखवणारी आणि त्या ओळखीवर पुढे पुस्तकं, रेस्टॉरंट, भांडी नाहीतर हत्यारांचा धंदा उभा करणारी माणसं. दोघांच्या कारकिर्दी वरवर वेगळ्या वाटतात, पण इंग्लंड-अमेरिकेत हे दोन्ही प्रकार बऱ्याचदा त्याच स्टुडिओत, त्याच निर्मात्यांच्या हाताखाली वाढले, म्हणून नोंद एकत्रच केलीय. भारतात स्वयंपाकाची बाजू जोरात वाढली, दुसरी खुरटलेलीच राहिली.

पहिला कोण

यावर बराच खल झालाय. बीबीसीची नियमित टीव्ही सेवा २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. बहुतेक संदर्भग्रंथ पहिला टीव्ही-स्वयंपाकी म्हणून मार्सेल बूलेस्टँ या फ्रेंच माणसाचं नाव देतात आणि तारीख देतात २१ जानेवारी १९३७, त्या दिवशी त्याने ऑम्लेट करून दाखवलं. अलीकडचे काही अभ्यासक मात्र मॉयरा मेन या बाईंचं नाव पुढे करतात, त्या १९३६ च्या डिसेंबरातच एका कार्यक्रमात झटपट जेवण करून दाखवायला येऊन गेल्या होत्या असं ते म्हणतात. आता 'पहिला' म्हणजे कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा शेगडी पेटवणारा की स्वतःच्या नावाने कार्यक्रमांची मालिका करणारा, यावर सगळं अवलंबून आहे. मालिकेचा निकष लावला तर मान बूलेस्टँकडेच जातो आणि इथे तोच धरलाय, मेनबाईंचा दावा त्यामुळे खोटा ठरत नाही एवढं लक्षात ठेवावं. तसंही तेव्हा टीव्ही संच फक्त लंडनच्या आसपास आणि तेही थोड्या पैसेवाल्यांकडेच होते, म्हणजे दोघांनाही बघणारे मूठभरच.

बूलेस्टँ मुळात आचारी नव्हताच. पॅरिसमध्ये तो एका लेखकाचा सेक्रेटरी होता, मग लंडनला आला आणि १९११ मध्ये त्याने घरसजावटीचं दुकान काढलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात गेला, परत आल्यावर दुकान काही चालेना, पैशाची चणचण होती म्हणून १९२३ मध्ये इंग्रजांसाठी साध्या फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, ते खपलं, मग रेस्टॉरंट, मग टीव्ही. म्हणजे टीव्हीवरचा पहिला स्वयंपाकी हा दुकान बसलेला घरसजावटवाला! या नोंदीत दोन विषय एकत्र का बांधलेत असं कोणी विचारलं तर हे एक उत्तर पुरे.

दुसरा वाद युद्धानंतरचा. १ सप्टेंबर १९३९ ला बीबीसीने टीव्ही बंद केला तो ७ जून १९४६ ला परत सुरू झाला आणि पाचच दिवसांनी, १२ जूनला, फिलिप हार्बेन स्वयंपाक दाखवायला उभा राहिला. अमेरिकन ग्रंथ मात्र जेम्स बिअर्डपासून सुरुवात करतात, त्याचा एनबीसीवरचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम ३० ऑगस्ट १९४६ चा. अमेरिकेपुरतं ते चालेल, पण जगात पहिला वगैरे लिहिलेलं आढळतं ते सरळ चूक आहे. तारखांपेक्षा गंमत ही की हार्बेनचे आईवडील दोघंही नट, तो स्वतः कुठल्याच केटरिंग कॉलेजात गेलेला नाही, लंडनमधल्या एका क्लबचं स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता शिकला. आणि बिअर्डला व्हायचं होतं गायक आणि नट, ते जमेना म्हणून न्यूयॉर्कमध्ये पार्ट्यांना खाण्याचे पदार्थ पुरवायला लागला आणि तिथून इकडे आला. एकाची जातकुळी नाटकवाल्यांची, दुसऱ्याचं नाटक फसलेलं. बाकी हार्बेन रेशनिंगच्या काळात रांधायचा, स्वतःच्या वाट्याचं रेशन वापरायचा, आणि पुढे स्वतःच्या नावाची भांडी विकायला लागला. बिअर्डचा कार्यक्रम बोर्डन या दूध कंपनीच्या पैशावर चालायचा आणि १९४७ मध्येच बंद पडला. नावाची भांडी आणि कंपनीचा पैसा या दोन गोष्टी पुढे या धंद्यात कायमच्या राहिल्या.

बोस्टनचं घराणं

ज्यूलिया चाइल्ड (१९१२–२००४) हिची कारकीर्द इतकी उगाळली गेलीय की थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन गुप्तवार्ता खात्यात कारकुनी, त्यात आधी सिलोनमध्ये कँडीला, तिथेच नवरा भेटला, मग चीनमध्ये, पुढे त्याच्या नोकरीमुळे पॅरिस, तिथे वयाच्या सदतिशीत कोर्दों ब्लू या स्वयंपाकाच्या शाळेत नाव घातलं, आणि १९६१ मध्ये दोन मैत्रिणींबरोबर लिहिलेलं फ्रेंच स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक. १९६२ मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीवर पुस्तकांच्या कार्यक्रमात बोलवलं तर बाई शेगडी घेऊन गेल्या आणि ऑम्लेट करून दाखवलं (पुन्हा ऑम्लेटच, बूलेस्टँसारखं). लोकांनी पत्रं लिहिली, वाहिनीने तीन नमुना भाग केले आणि ११ फेब्रुवारी १९६३ ला 'द फ्रेंच शेफ' सुरू झालं. तेव्हा ती पन्नाशीची होती.

वाहिनीची इमारत १९६१ मध्ये जळालेली, त्यामुळे चित्रीकरण वीज कंपनीच्या नमुना स्वयंपाकघरात व्हायचं. टेप कापणं-जोडणं महागडं काम, म्हणून जवळपास अर्ध्या तासाचा भाग शक्यतो न थांबता एका दमात घ्यायचे. त्यासाठी एकाच पदार्थाच्या वेगवेगळ्या अवस्था आधीच तयार ठेवाव्या लागतात, म्हणजे कच्चं ओव्हनमध्ये सारायचं आणि लगेच दुसरीकडून शिजलेलं काढायचं. ही युक्ती आज यूट्यूबवर सगळेच वापरतात. न थांबता घेतल्यामुळे चुका तशाच राहायच्या आणि लोकांना त्याच आवडल्या. तिने अख्खी कोंबडी जमिनीवर पाडली आणि उचलून परत ताटात ठेवली ही गोष्ट सगळीकडे सांगतात, ती दंतकथा आहे. खरी घटना बटाट्याच्या थालीपीठवजा पदार्थाची. उलटवताना थोडा शेगडीपाशी सांडला, तिने हाताने गोळा करून परत तव्यात टाकला आणि स्वयंपाकघरात आपण एकटेच असतो, बघतंय कोण, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. कोंबडी नाही आणि जमीन पण नाही.

या कार्यक्रमामागचा माणूस रसेल मोरॅश (१९३६–२०२४) हा आमच्या मते या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा, जरी कॅमेऱ्यासमोर तो नसायचा. बाप बांधकामातला. चाइल्डच्या यशानंतर त्याने १९७५ मध्ये बागकामाचा कार्यक्रम काढला, १९७९ मध्ये घरदुरुस्तीचा 'दिस ओल्ड हाउस' आणि १९८९ मध्ये निव्वळ सुतारकामाचा. सूत्र एकच, ज्याला काम खरोखर येतं त्याला ते करू द्या आणि शेजारी कोणीतरी प्रश्न विचारायला ठेवा.

पहिल्या हंगामासाठी वाहिनीने बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातलं एक मोडकळीला आलेलं घरच विकत घेतलं. सूत्रसंचालक बॉब व्हिला, जन्म १९४६, मायामीच्या क्यूबन कुटुंबातला, शिक्षण पत्रकारितेचं, नंतर पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून पनामात, आणि मग जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त करायचा धंदा. त्याने स्वतःचं जुनं घर नीट केलं त्याला एका मासिकाचं बक्षीस मिळालं आणि तिथून मोरॅशची नजर पडली. सुतार नॉर्म एब्रमची निवड मात्र वेगळीच. तो मोरॅशच्या परसात बांधकाम करत होता आणि संध्याकाळी मोरॅशने बघितलं तर फुकट गेलेल्या लाकडाचा ढीग अगदीच छोटा, हा माणूस मोजून कापतो हे तिथेच कळलं. ऑडिशनच्या ज्या काही पद्धती ऐकिवात आहेत त्यातली ही सगळ्यात चांगली म्हणावी लागेल.

व्हिला आणि एब्रम हे दोन वेगळे रस्ते झाले. व्हिला चेहरा होता, चेहऱ्याला जाहिराती मिळतात, पण सार्वजनिक वाहिनीचा पैसा देणगीदार कंपन्यांकडून येतो आणि तिथे गाठ अडकली. १९८९ मध्ये त्याने रिकेल या दुकानसाखळीची जाहिरात केली, कार्यक्रमाला पैसा देणाऱ्यांत होम डेपो होती, म्हणजे थेट स्पर्धक, आणि व्हिलाला कार्यक्रम सोडावा लागला. त्याने पुढे स्वतःच्या नावाचा कार्यक्रम काढला आणि बरीच वर्षं सिअर्स या दुकानसाखळीच्या हत्यारांचा चेहरा राहिला, म्हणजे खिशाने काही बिघडलं नाही. एब्रम २०२२ पर्यंत तिथेच राहिला, चौकड्यांचा शर्ट आणि चष्मा घालून. व्हिलाच्या जागी स्टीव्ह थॉमस आणि २००३ मध्ये केव्हिन ओकॉनर आला, हा तर बँकेतला अधिकारी, घरातल्या वॉलपेपरची कटकट सोडवायला याच मंडळींना बोलावलं होतं आणि शेवटी यालाच उभं केलं. चाइल्ड या बाबतीत कडक होती, कुठल्याच वस्तूची जाहिरात करायची नाही हे तिने जन्मभर पाळलं. तिचं अख्खं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

इंग्लंडातली घरदुरुस्ती

मोरॅशच्या आधी वीसेक वर्षं बॅरी बकनेल हा गृहस्थ बीबीसीवर हेच करत होता, पण अमेरिकन लिखाणात त्याचा उल्लेख क्वचितच. घरचा बांधकाम आणि विजेच्या कामांचा व्यवसाय, म्हणजे हा खरा कसबी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डू इट युवरसेल्फ' थेट प्रक्षेपित व्हायचं, त्यामुळे एखादी गोष्ट नीट चिकटली नाही तर ती तशीच देशाला दिसायची. १९६२ मध्ये बीबीसीने लंडनच्या ईलिंग भागात एक पडीक घर २,२५० पौंडांना घेतलं आणि ३९ भागांत त्याने ते उभं केलं, 'दिस ओल्ड हाउस'च्या आधी सतरा वर्षं, हा क्रम ध्यानात घ्यावा. जुने नक्षीचे दरवाजे हार्डबोर्डने झाकून सपाट करायचा सल्ला तो द्यायचा आणि जुन्या घरांवर प्रेम असलेली मंडळी त्याला अजून शिव्या घालतात. दोष एकट्याचा म्हणता येत नाही, फॅशनच तशी होती. घरी बांधता येईल अशी 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडीही जॅक होल्टबरोबर त्याचीच. प्लायवुडच्या फळ्या तारेने शिवून सांधे चिकटवायचे ही तिची पद्धत जगभर गेली.

स्वयंपाकाच्या बाजूला उतरत्या काळाचं उदाहरण म्हणजे फॅनी क्रॅडॉक, १९५५ पासून बीबीसीवर, भारी गाऊन घालून रांधणारी. १९७६ मध्ये डेव्हनच्या ग्वेन ट्रोक नावाच्या गृहिणीने ठरवलेल्या पदार्थांवर कॅमेऱ्यासमोर तोंडं वेडीवाकडी केली आणि लोक खवळले. त्या एका प्रसंगाने कारकीर्द संपली असं सर्रास लिहितात, ती आधीच उताराला लागली होती हे मत जास्त पटतं.

वाहिन्या आणि स्पर्धा

अमेरिकेत १९९३ मध्ये फूड नेटवर्क आणि १९९४ च्या शेवटी घर आणि बागेची एचजीटीव्ही अशा चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, आणि भरायला तास एवढे होते की माणसं कुठूनही चालू लागली. इना गार्टन व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयात अणुधोरणाच्या कागदांवर काम करायची, १९७८ मध्ये नोकरी सोडून न्यूयॉर्कजवळ खाण्याच्या तयार पदार्थांचं दुकान घेतलं, ते अठरा वर्षं चालवून विकलं, पुस्तक लिहिलं आणि २००२ मध्ये टीव्हीवर. गाय फिएरी २००६ मध्ये वाहिनीचीच स्पर्धा जिंकून आला. घरांच्या बाजूला कॅनडाचे जुळे स्कॉट भाऊ, त्यातला जोनाथन आधी जादूचे प्रयोग करायचा. टेक्सासच्या वेको गावातलं, जुनी घरं नीट करून दाखवणारं गेन्स जोडपं २०१३ पासून पाच हंगामांत एवढं मोठं झालं की गावाला पर्यटक यायला लागले. इथे कसबापेक्षा घर घेणं-विकणं पुढे आलं, एब्रमचा लाकडाचा ढीग कोणी बघेनासं झालं.

भारत आणि मराठी

तरला दलाल (१९३६–२०१३) पुण्यात जन्मल्या, १९६६ पासून मुंबईत घरीच क्लास, १९७४ मध्ये पहिलं पुस्तक, आणि टीव्ही बऱ्याच उशिरा. क्लास, पुस्तक, टीव्ही हा आपल्याकडचा जुना रस्ता. संजीव कपूर यांचा वेगळा, हॉटेल मॅनेजमेंट शिकून मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात मुख्य शेफ, आणि १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना', दिग्दर्शक हंसल मेहता, जे पुढे सिनेमात गेले. कार्यक्रम दोन दशकांच्या आसपास चालला, मग भांड्यांची कंपनी, २०११ मध्ये स्वतःची फूडफूड वाहिनी, २०१७ मध्ये पद्मश्री. मधुर जाफरी इथे बसतात की इंग्लंडात हे ठरवणं अवघड, दिल्लीच्या, लंडनला नाट्यशिक्षण घेताना आईने पत्रांतून कळवलेल्या कृतींवर स्वयंपाक शिकल्या, १९६५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात अभिनयाचं बक्षीस आणि १९८२ मध्ये बीबीसीवर भारतीय स्वयंपाक. म्हणजे पुन्हा नाटकवालेच.

मराठीत दोन नमुने. नागपूरचे विष्णू मनोहर ईटीव्ही मराठीवरच्या 'मेजवानी'मुळे घरोघरी पोचले, नंतर रेस्टॉरंटं काढली आणि २०१७ मध्ये नागपुरात सलग पन्नासहून जास्त तास रांधायचा विक्रम केला. दुसरा, २००७ च्या सुमाराचा झी मराठीचा 'आम्ही सारे खवय्ये'. प्रशांत दामले गप्पा मारणार, चव घेणार आणि रांधणार ती आलेली पाहुणी, म्हणजे मोरॅशचीच मांडणी, फक्त कसबी माणूस रोज नवा.

घरदुरुस्तीची बाजू आपल्याकडे रंगकंपन्यांच्या जाहिरातींच्या पुढे फारशी गेली नाही. सुतार, गवंडी, रंगारी, प्लंबर हाकेच्या अंतरावर आणि परवडणारे असल्यावर शनिवारी दुपारी स्वतः रंधा हातात घ्यायची गरज कोणाला पडत नाही, आणि ज्याला रंधा येतो त्याला कॅमेऱ्यासमोर अजून कोणी बोलावलेलं नाही.