ऐपतीनुसार शुल्क

ऐपतीनुसार शुल्क : वैद्य, वकील, मानसोपचारक, हिशेबतपासनीस इ. व्यावसायिकांचे नेहमीचे शुल्क ज्यांना झेपत नाही, अशा रुग्णांना वा अशिलांना तीच सेवा कमी दराने देण्याची पद्धत. संपूर्ण फीमाफी हे तिचे एक टोक होय. सरकारी खर्चाने मिळणारे विधिसाहाय्य किंवा गिऱ्हाईक जोडण्यासाठी दिलेली सूट यांपासून ती वेगळी धरतात. येथे दर ठरतो तो सेवा घेणाऱ्याच्या उत्पन्नावरून; आणि राहिलेली तूट व्यावसायिक स्वतः सोसतो, पूर्ण फी देणाऱ्या इतरांकडून भरून काढतो किंवा एखाद्या देणगीनिधीतून भागवतो.

उगम : ही पद्धत जुनी आहे याविषयी दुमत नाही, किती जुनी, याविषयी आहे. सर्वांत आधीचा दाखला म्हणून बॅबिलोनियाच्या हामुराबीच्या संहितेकडे (इ. स. पू. सु. १७५०) बोट दाखविले जाते. तिच्या २१५ ते २१७ या कलमांत एकाच शस्त्रक्रियेचे तीन दर आहेत. ब्राँझच्या शस्त्राने मोठी जखम करून वैद्याने रुग्णाचा जीव किंवा डोळा वाचविला, तर ‘अवीलुम’ (वरच्या दर्जाचा स्वतंत्र माणूस) वर्गातील माणसाने १० शेकेल (तेव्हाचे वजनाचे माप) चांदी द्यावी, ‘मुश्केनुम’ (त्याखालचा) वर्गातील माणसाने ५, आणि रुग्ण गुलाम असेल तर त्याच्या मालकाने २. यात ऐपतीचा विचार दिसतो असे वैद्यकाच्या इतिहासाची काही लोकप्रिय पुस्तके सांगतात. पण कलमे नीट वाचली तर हा अर्थ टिकत नाही. गुलामाचे २ शेकेल मालक देतो आणि तो मालक स्वतः अवीलुम असू शकतो. दर देणाऱ्याच्या ऐपतीवर बेतलेला असता, तर या ठिकाणी तो १० हवा होता. शिवाय डोळा फोडल्याच्या किंवा हाड मोडल्याच्या भरपाईची कलमेही (१९६ ते १९९) हीच उतरंड पाळतात. म्हणजे संहितेने मोजलेली आहे ती त्या त्या शरीराची सामाजिक किंमत. देणाऱ्याचा खिसा नव्हे. मुश्केनुम म्हणजे नेमका कोणता वर्ग, आणि ही कलमे न्यायनिवाड्यात प्रत्यक्ष वापरली जात होती की ती राजाच्या न्यायबुद्धीची जाहिरात होती, यांवर ॲसिरियाविदांचे (प्राचीन मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांचे) वाद आहेत. ते कोणत्याही बाजूने मिटले, तरी प्रस्तुत मुद्द्यात फरक पडत नाही.

त्यापेक्षा भक्कम पुरावा प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसमूहातील ‘उपदेशवचने’ या छोट्या प्रकरणात सापडतो. उपचाराच्या आरंभी फीची बोलणी करू नयेत, कारण व्यवहार जमला नाही तर वैद्य आपल्याला सोडून जाईल अशी धास्ती रुग्णाच्या मनात बसते. रुग्णाची सांपत्तिक स्थिती पाहावी. कधी पूर्वीच्या उपकारांची आठवण ठेवून काहीच घेऊ नये. परका माणूस अडचणीत असेल तर त्याला पुरेपूर मदत करावी, असा सल्ला त्यात आहे. भाषेवरून हे लेखन खुद्द हिपॉक्राटीझच्या काळाचे नसून हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या) किंवा रोमन काळातील असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते मान्य केले तरी व्यावसायिकाने स्वतः, अशिलागणिक, ऐपत पाहून दर कमी करावा ही कल्पना येथे स्पष्ट आहे. हामुराबीच्या संहितेत ती नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रसिद्ध वचन वेगळ्या जातीचे आहे. पोटासाठी चिकित्सेचा बाजार मांडणारे सोन्याची रास टाकून धुळीच्या ढिगामागे लागतात, असे ते सांगते. त्यातून विनामूल्य सेवेचा आदर्श कळतो, दराच्या पायऱ्या कळत नाहीत. प्राचीन रोममध्ये तर वकिलाने मोबदला घेण्यालाच इ. स. पू. २०४ च्या किंकिया कायद्याने बंदी होती. ती कागदावरच राहिली, म्हणून इ. स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने १०,००० सेस्टर्सची (रोमन नाणे) कमाल मर्यादा घातली. मात्र मर्यादा सर्वांना सारखी. गरीब पक्षकारासाठी निराळी नाही.

इंग्लंडमध्ये १४९५ च्या कायद्याने निर्धन फिर्यादीला न्यायालयाचे शुल्क माफ झाले आणि त्याच्यासाठी विनामोबदला वकील नेमण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. अंगावरचे कपडे वगळता आपली मालमत्ता ५ पौंडांचीही नाही, अशी शपथ त्यासाठी घ्यावी लागे. पूर्वी असा वादी हरला तर खर्च भर किंवा फटके खा, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवीत, अशी नोंद १८व्या शतकातील विधिज्ञ ब्लॅकस्टोन यांनी केली आहे; त्यांच्या काळापर्यंत ही चाल बंद पडली होती. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील वैद्यकसंघांनी छापलेल्या काही दरपत्रकांत रुग्णांचे वर्ग पाडलेले दिसतात, आणि ते पाडण्याची खूण म्हणजे रुग्ण राहतो त्या घराचे वार्षिक भाडे. उत्पन्न विचारायचे नाही, दारावरून ओळखायचे, असा हा मार्ग होता. संकोच टाळण्याच्या दृष्टीने तो आजच्या पुष्कळ अर्जांपेक्षा बरा म्हणावा लागेल.

दानधर्म की मूल्यविभेद : श्रीमंताकडून जास्त आणि गरिबाकडून कमी घेण्याचा अर्थ काय लावायचा, हा या विषयातील सर्वांत गाजलेला वाद होय. वैद्यकव्यवसायाचे पारंपरिक स्पष्टीकरण असे, की डॉक्टर हा स्वतःच एक लहानशी धर्मादाय संस्था असतो आणि श्रीमंतांकडून घेतलेल्या जादा रकमेतून तो गरिबांची सेवा करतो. १९५८ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रूबेन केसेल यांनी ते खोडून काढले. त्यांच्या मते हा सरळसरळ मूल्यविभेद आहे, म्हणजे एकच सेवा प्रत्येकाला त्याच्याकडून निघेल तितक्या किमतीला विकणे. स्पर्धा असेल तर हे चालू शकत नाही, कारण दुसरा डॉक्टर श्रीमंत रुग्णाला कमी दर सांगून ओढून घेईल. ते होत नाही, याचे कारण वैद्यकसंघटनांचे सभासदांवरील नियंत्रण. त्यांचा बिनतोड वाटणारा पुरावा असा : रोख भरपाई देणाऱ्या विम्याला संघटनांनी फारसा विरोध केला नाही, पण आगाऊ वर्गणी घेऊन सर्वांना एकाच दराने सेवा देणाऱ्या योजनांना, त्या ना-नफा तत्त्वावरील असल्या तरी, कडाडून विरोध केला. धर्मादाय हाच हेतू असता, तर गरिबांना सेवा स्वस्त करणाऱ्या योजना नकोशा होण्याचे कारण नव्हते.

१९६३ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. सेवेचा दर्जा रुग्णाला पारखता येत नाही, म्हणून समाज डॉक्टरकडून नफेखोराहून निराळ्या वर्तनाची अपेक्षा ठेवतो. उत्पन्नानुसार दर, आणि अगदी निर्धनाला शून्य दर, हा त्या अपेक्षेचा भाग आहे. पुढे १९७३ मध्ये रफिन व ली या अर्थशास्त्रज्ञांनी, डॉक्टरांना परोपकारात समाधान मिळते एवढे गृहीत धरले तर स्पर्धेतही दरांतील फरक टिकू शकतो, असे दाखविले. केसेल यांचा युक्तिवाद संघटनांच्या धोरणाला चपखल बसतो. एकट्यादुकट्या डॉक्टरने रात्री-अपरात्री फी न घेता केलेल्या उपचाराला तो बसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच व्यवसायात एकाच वेळी असू शकतात, हे मान्य केले की वादाची धार बरीच कमी होते. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्ध व निर्धनांसाठी सरकारी वैद्यकीय विमा आल्यावर ही जुनी चाल तेथे झपाट्याने मागे पडली.

दर ठरविण्याचे तंत्र : प्रचलित प्रकार तीन. पहिल्यात व्यावसायिक प्रत्येक प्रकरणी बोलून फी ठरवितो. दुसऱ्यात उत्पन्नाच्या पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला पूर्ण फीचा ठराविक भाग लावतात. तिसऱ्यात किमान व कमाल आकडा जाहीर करून निवड अशिलावर सोपवितात. पायऱ्यांच्या पद्धतीचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेतील संघीय अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांचे आहेत. शासकीय दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण सूट, फार तर नाममात्र रक्कम. १०० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान किमान तीन पायऱ्यांची अंशतः सूट. त्यावर सूट नाही. पाहायचे ते फक्त उत्पन्न आणि कुटुंबातील माणसे. घरदार किंवा शिल्लक नाही. नाममात्र रक्कम ‘नाममात्र’ आहे की नाही, हेही रुग्णाच्या दृष्टीने ठरवायचे असते.

पायऱ्यांचा ठळक दोष कड्याचा. २५ टक्के फीची पायरी संपून ५० टक्क्यांची सुरू होते, तेथे उत्पन्नात किरकोळ वाढ झाली तरी फी दुप्पट होते. दर आठवड्याला यावे लागणाऱ्या अशिलाला ही उडी पगारवाढीपेक्षा मोठी पडू शकते. उपाय म्हणून सलग दर सुचविला जातो. खालच्या व वरच्या मर्यादेच्या दरम्यान उत्पन्न जेथे असेल, त्याच प्रमाणात किमान व पूर्ण फीच्या दरम्यानची रक्कम घ्यायची. खालची मर्यादा १०० व वरची २०० धरली, तर १५० उत्पन्नाच्या अशिलाची फी बरोबर मध्यावर येते. हिशेब सोपा आहे, पण समोर बसलेल्या माणसाला तो समजावणे सोपे नाही. म्हणूनच की काय, व्यवहारात पायऱ्याच टिकून आहेत.

दुसरी बाजू व्यावसायिकाच्या जमाखर्चाची. समजा, आठवड्याच्या २५ तासांपैकी ५ तास ४० टक्के फीवर दिले. सरासरी वसुली पूर्ण फीच्या ८८ टक्के होते. मिळकत पूर्वीइतकी राखायची तर पूर्ण फी सुमारे १३·६ टक्क्यांनी वाढवावी लागते. कमी फीचा आकडा जुन्या दरावरच गोठवला, तर १५ टक्क्यांनी. हा बोजा पूर्ण फी देणाऱ्यांवर टाकायचा की आपल्या मिळकतीतून सोसायचा, हे आधी ठरलेले नसेल तर सवलतीच्या जागा गरजेनुसार न भरता ओळखीने भरत जातात. म्हणून सवलतीचे तास मोजून बाजूला ठेवणे आणि ते भरले की प्रतीक्षायादी ठेवणे, ही रीत खाजगी मानसोपचारकांत रूढ आहे.

ऐपत कोणी ठरवायची : दरापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. उत्पन्नाचे कागद मागावेत तर रोजंदारीवरील, बेहिशेबी मजुरी करणारे किंवा घरातील कमावत्याच्या ताब्यात असलेले लोक गळतात. आणि सवलत मागण्यातला अपमान कागदांच्या संख्येबरोबर वाढतो. कागद मागू नयेत तर गरजू नसलेलेही शिरतील, ही भीती. मदुराई येथे १९७६ मध्ये गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने निवड रुग्णावरच सोपविली. पैसे भरून मिळणारी आणि मोफत किंवा अत्यल्प दराची सोय अशा दोन्ही वाटा खुल्या. शस्त्रक्रियेचा दर्जा तोच, फरक खोली व इतर सुखसोयींचा. ऐपतदार मंडळी बहुधा आपण होऊन पहिली वाट धरतात. हे जमते त्याचे कारण सेवा एकसाची व संख्या प्रचंड आहे. एकट्याने वकिली करणाऱ्याला हा नमुना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

फीचा मानसिक परिणाम : मनोविश्लेषकांत यावर बराच खल झाला. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये लिहिले, की सुमारे १० वर्षे आपण रोज एक, कधी दोन तास विनामूल्य उपचारांसाठी ठेवले. पण अपेक्षित लाभ झाला नाही, उलट फी नसल्याने रुग्णाचा प्रतिरोध (उपचाराला मनातून होणारा विरोध) वाढतो. याला अपवाद असतात हेही त्यांनी नमूद केले. पाचच वर्षांनी, १९१८ च्या बूडापेस्ट येथील भाषणात, गरिबांसाठी मोफत उपचारकेंद्रे निघतील अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. त्यानुसार बर्लिन (१९२०) व व्हिएन्ना (१९२२) येथे चिकित्सालये सुरू झाली. बर्लिनमध्ये रुग्णाने झेपेल तेवढे द्यावे असा नियम होता. फी भरल्यानेच उपचार लागू पडतो, या समजुतीला नंतरच्या अभ्यासांतून ठोस दुजोरा मिळालेला नाही. १९७४ ते १९८२ दरम्यान अमेरिकेत झालेल्या, रँड या संशोधनसंस्थेच्या आरोग्यविमा प्रयोगात खर्चाचा वाटा उचलावा लागलेल्या लोकांनी अनावश्यक सेवा कमी केली, तशीच आवश्यक सेवाही कमी केली. नाममात्र फी ठेवताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

नियम व निर्बंध : फी कमी करण्याचे स्वातंत्र्य व्यावसायिकाला नेहमीच होते असे नाही. अमेरिकेतील वकीलसंघांची किमान दरपत्रके असत आणि त्याहून कमी घेण्याची सवय हे गैरवर्तनाचे लक्षण समजले जाई. व्हर्जिनियातील एका दांपत्याने घरखरेदीसाठी मालकीहक्काचा शोध घेऊन देणारा वकील मिळावा म्हणून ३६ वकिलांना पत्रे लिहिली. १९ जणांची उत्तरे आली. दरपत्रकाच्या खाली यायला एकही तयार नव्हता. त्यांच्या दाव्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी दरपत्रके स्पर्धाविरोधी ठरविली. आता तेथील वकीलसंघाचे आदर्श नियम वर्षाला किमान ५० तास मोफत सेवेची अपेक्षा ठेवतात आणि त्याखेरीज बऱ्याच कमी फीत केलेले कामही पुरवणी म्हणून मोजतात. वैद्यकात निर्बंध विम्याचा आहे. सरकारी विमा असलेल्या रुग्णाचा स्वतःचा हिस्सा सरसकट माफ करणे तेथे गैर ठरते. अडचण तपासून एकेका रुग्णाला माफ करता येतो. सवलत कोणाला, किती व का दिली, याची नोंद ठेवण्यावर भर दिला जातो तो मुख्यतः यामुळे.

इतर व्यवसाय : पशुवैद्यकात मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये गरिबांच्या जनावरांसाठी काढलेला मोफत दवाखाना, आणि वास्तुकलेत १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वस्तीतील रहिवाशांसाठी स्थापन झालेली वास्तुविशारदांची समिती हे उल्लेखनीय प्रयत्न होत. दोन्ही ठिकाणी अशिलागणिक फी कमी करण्याऐवजी देणग्या व अनुदानांवर चालणारी संस्थाच उभी राहिली.