पुलावरील वाहनभार व त्याचे संगणकीय विश्लेषण

पुलावरून जाणारी वाहने आणि माणसे यांच्यामुळे पुलाच्या अंगावर येणारा, सतत जागा बदलणारा भार म्हणजे वाहनभार. अभियंते त्याला चलभार किंवा सरळ ‘लाइव्ह लोड’ म्हणतात. पुलाचे स्वतःचे वजन, वरचे डांबर, कठडे हा स्थिर भार; तो एकदा मोजला की झाले. चलभाराचे तसे नाही. ट्रक दोन मीटर पुढे सरकला की गर्डरमधले, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळयांतले, सगळे आकडे बदलतात, आणि अभियंत्याला शोधायची असते ती ट्रकची सर्वांत वाईट जागा. हा शोध एकेकाळी कागदावर चाले, आता सॉफ्टवेअर करते. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलत राहतात, ज्या संहितेवर, म्हणजे नियमपुस्तकावर, ते उभे असते तीही बदलते, आणि पूल मात्र तोच राहतो. या नोंदीत उदाहरणे नाशिकची घेतली आहेत, कारण चलभाराचे बहुतेक सगळे प्रकार या एका शहरात भेटतात : पिंपळगाव आणि लासलगावहून निघालेले कांद्याचे ट्रक, अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींचे अवजड कंटेनर, द्वारका चौकातली कोंडी आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी.

संहितेतला ट्रक

भारतात रस्त्यांवरील पुलांचा भार इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६’ या संहितेप्रमाणे धरतात. ही संस्था १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाली, ती १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीच्या शिफारशीवरून. समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच. संहितेचा भारविषयक भाग प्रथम १९५८ मध्ये छापला गेला.

या संहितेतला ट्रक रस्त्यावर कुठेही दिसणार नाही; तो हिशेबापुरता रचलेला आहे. ‘क्लास ए’ ही आठ आसांची (आस म्हणजे चाकांच्या जोडीचा दांडा, अ‍ॅक्सल) गाडी : पुढे २.७ टनांचे दोन आस, मग ११.४ टनांचे दोन, मागे ६.८ टनांचे चार, एकूण ५५.४ टन. पहिल्या आसापासून शेवटच्यापर्यंत १८.८ मीटर, आणि एका गाडीच्या शेपटापासून मागच्या गाडीच्या नाकापर्यंत किमान १८.५ मीटर अंतर. ‘क्लास बी’ याच्या साधारण साठ टक्के. कचेरीत सगळे ज्याला ‘सेव्हन्टी आर’ म्हणतात त्याची दोन रूपे : पट्ट्यांवर चालणारे ७० टनांचे, म्हणजे थोडक्यात रणगाडा, आणि चाकांचे १०० टनांचे, सात आसांवर. तोफखान्याच्या देवळालीला लागून असलेल्या शहरात रणगाड्याचे नवल वाटू नये. मात्र साध्या गावपुलाच्या हिशेबातही तो असतो, हे नव्या मुलांना पहिल्यांदा खरे वाटत नाही.

२०१४ च्या आवृत्तीत आणखी एक पाहुणा आला, ३८५ टनांचे विशेष वाहन. वीस आसांचा ट्रेलर, प्रत्येक आस १८ टन, आणि पुढे ओढणारी गाडी. प्रचंड ट्रान्सफॉर्मर किंवा कारखान्याचे अवजड भांडे वाहून नेण्यासाठी हा विचार. अट अशी की वाहन ताशी ५ किलोमीटरपेक्षा जोरात जाणार नाही, रस्त्याच्या मधूनच चालेल आणि त्या वेळी पुलावर दुसरे कोणी नसेल. इतक्या सावकाश जाणाऱ्या गाडीला आघात धरत नाहीत.

इतर वाहनांना मात्र आघात धरावाच लागतो. खड्ड्यातून उसळलेले चाक आपल्या वजनापेक्षा जास्त आदळते, म्हणून भार वाढवून घ्यायचा. काँक्रीटच्या पुलावर क्लास ए साठी ही वाढ ४.५ भागिले (६ अधिक गाळ्याची, म्हणजे दोन आधारांमधल्या भागाची, लांबी मीटरमध्ये). गाळा १० मीटरचा असेल तर २८ टक्के, ४५ मीटरच्या पुढे ८.८ टक्क्यांवर स्थिर.

प्रत्यक्ष रस्त्याचे नियम वेगळ्या वाटेने चालतात. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांचे वैध वजन वाढवले : चार टायरचा एकेरी आस १०.२ वरून ११.५ टनांवर, सर्वांत मोठ्या जोडगाड्या ४९ वरून ५५ टनांवर गेल्या. नाशिकमधून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रोडवरचे जुने पूल त्या दिवशी बदलले नाहीत. त्यांच्यावर चढणारा कायदेशीर ट्रक बदलला. एकूण वजनात तो संहितेतल्या ट्रकच्या आतच बसतो, पण मधली सवलत पातळ झाली.

एका गाळ्याचा हिशेब

नासर्डीसारख्या शहरी नदीवर शोभेल असा १० मीटर गाळ्याचा, दोन टोकांवर साधा टेकलेला स्लॅब पूल घ्या. क्लास ए चे पुढचे चार आस त्यावर आणले की कमाल वाकमोमेंट (भाराचा पुलाला वाकवणारा परिणाम; बल गुणिले अंतर) सुमारे ५३.६ टन-मीटर येतो. तो गाळ्याच्या बरोबर मधोमध येत नाही. मध्यापासून १२ सेंटीमीटर सरकून, पहिल्या ११.४ टनी आसाखाली येतो. कारण असे की आस आणि भारांचा गुरुत्वमध्य हे गाळ्याच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर दोन बाजूंना असले, तर त्या आसाखालचा मोमेंट कमाल होतो. कागद-पेन्सिलीने हे वीस मिनिटांचे काम आहे.

आता दोन मार्गिकांचा पूल. संहिता म्हणते, एक तर क्लास ए च्या दोन रांगा घ्या किंवा सेव्हन्टी आर ची एक. दोन रांगांचे १०७ टन-मीटर, २८ टक्के आघात धरून १३७. चाकांच्या सेव्हन्टी आर चे सुमारे १०५, २५ टक्के आघात धरून १३१. दोन्ही जवळजवळ बरोबरीचे! कोण जिंकणार हे मग आडव्या जागेवर ठरते : क्लास ए चे चाक कर्बपासून, म्हणजे रस्त्याच्या उंच कडेपासून, १५० मिलिमीटरपर्यंत येऊ शकते, सेव्हन्टी आर ला १.२ मीटर दूर राहावे लागते. गर्डरांच्या पुलात कडेच्या गर्डरवर त्यामुळे क्लास ए भारी पडू शकतो. शंभर टनांचे नाव मोठे म्हणून तेवढेच तपासणारा इथे फसतो.

सॉफ्टवेअर हा शोध कसा घेते, याचे मूळ दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. एक टनाचा भार पुलावरून सरकवत नेला तर एका ठरावीक छेदातला मोमेंट कसा बदलतो, त्याचा आलेख म्हणजे प्रभावरेषा. ती १८६७ मध्ये एमिल विंकलर यांनी मांडली. रुंद पुलाला रेषेऐवजी प्रभावपृष्ठ लागते. मिडास सिव्हिल, सीएसआय ब्रिज यांसारख्या प्रणाली हे पृष्ठ काढून त्यावर गाडी बसवतात. स्टॅड प्रोमधली जुनी रूढ पद्धत वेगळी : गाडी ठरावीक पावलांनी पुढे ढकलायची आणि प्रत्येक पावलाला एक वेगळी भारस्थिती सोडवायची. पाऊल मोठे घेतले की वाईट जागा दोन पावलांच्या मध्ये निसटते. वरच्याच गाळ्यात आस मध्यापासून अर्धा मीटर चुकला, तर कुठल्या बाजूला चुकला त्याप्रमाणे मध्यातला मोमेंट अडीच किंवा आठ टक्क्यांनी कमी दिसतो.

नवी आवृत्ती

सॉफ्टवेअरचे अपडेट आले की ऑफिसात पहिला प्रश्न लायसन्सचा निघतो. खरा प्रश्न असतो, जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडल्यावर उत्तर तेच येते का? पुष्कळदा येत नाही, आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष असतोच असे नाही. आयआरसी ६ च्या २०००, २०१०, २०१४ आणि २०१७ च्या आवृत्त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत. २०१० मध्ये मर्यादास्थिती पद्धतीची भारसंयोजने, म्हणजे भार गुणकांनी वाढवून एकत्र धरण्याचे नियम, आले. त्यात मुख्य चलभाराला १.५ आणि स्वतःच्या वजनाला १.३५ ने गुणतात. २०११ मध्ये काँक्रीट पुलांची संहिताच नवी झाली, आयआरसी ११२. भूकंपाचा भाग २०१८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकेत गेला. सॉफ्टवेअर यांतले काय घेते, हे त्याच्या एका उतरत्या यादीत कुठला पर्याय आपोआप निवडलेला आहे यावर असते. ती यादी कोणी उघडून पाहत नाही.

आघाताचा घोटाळा तर नेहमीचा. जुन्या फाइलमध्ये कोणीतरी आसांच्या वजनातच आघात मिसळून ठेवलेला असतो : ११.४ च्या जागी १४.६. नवी आवृत्ती गाळ्याची लांबी पाहून आघात स्वतः लावते. झाले, १.२८ चा वर्ग; पूल २८ ऐवजी ६४ टक्के जास्त भार सोसू लागतो. ही चूक सुरक्षित बाजूची असल्यामुळे लवकर पकडली जात नाही, फक्त सळई वाया जाते. उलट बाजूची चूक महाग पडते. नॉर्वेतला स्लाइपनर ए हा काँक्रीटचा तेल-मंच २३ ऑगस्ट १९९१ रोजी बुडाला, कारण विश्लेषणातली जाळी (हिशेबासाठी रचनेचे केलेले तुकडे) ओबडधोबड असल्यामुळे कर्तनबल, म्हणजे भिंत कापू पाहणारे बल, ४७ टक्क्यांनी कमी निघाले होते. प्रणाली नामांकित होती. गणितही तिने तिला दिलेल्या जाळीप्रमाणे बरोबरच केले.

म्हणून जाणत्या सल्लागारांकडे एक रीत असते. एका पुलाचे काम ज्या आवृत्तीत सुरू झाले त्याच आवृत्तीत संपवायचे आणि हिशेबाच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक लिहायचा. अपडेट बसवल्यावर वरच्या १० मीटर गाळ्यासारखी दोन-तीन हातची सोडवलेली उदाहरणे आधी चालवून पाहायची; ५३.६ आले तर पुढे. मोठ्या पुलांचे संकल्पचित्र दुसऱ्या सल्लागाराकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घेतात, त्याला प्रूफ चेकिंग म्हणतात. दोघांनी एकच सॉफ्टवेअर आणि एकच फाइल वापरली तर ती तपासणी म्हणजे एकाच माणसाची दोन वेळा साक्ष. दुसऱ्याने वेगळी प्रणाली घ्यावी, नाहीतर कुर्बोंच्या जुन्या रीतीने (गर्डरांमध्ये भार वाटून घेण्याचा हातचा हिशेब) कागदावर तरी पाहावे.

कोंडी आणि गर्दी

शहरातून जाणाऱ्या आग्रा महामार्गाचा सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाला. बंदरे, मोठे उद्योग, नेहमीच्या अवजड कोंडीच्या जागा यांच्याजवळच्या पुलांसाठी संहितेत कोंडी गुणक दिला आहे : १० ते ३० मीटर गाळ्याला १.१५, ७० मीटरच्या पुढे १.७०. हा तपास करताना ब्रेकचा आडवा रेटा धरावा लागत नाही, कारण थांबलेली गाडी ब्रेक काय मारणार. आघात मात्र ठेवायचा. लांब गाळ्याला गुणक मोठा का, तर क्लास ए मधले ते १८.५ मीटरचे मोकळे अंतर कोंडीत उरत नाही, आणि लांब गाळ्यावरच ते जाणवते.

नाशिकचा खरा कस लागतो तो सिंहस्थात. पदपथावर साधारणपणे चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. तीर्थक्षेत्रांजवळचे आणि मोठ्या जत्रांच्या गावचे पूल असतील तर ५०० किलो धरा, असे संहिता स्पष्ट सांगते. हे कलम जणू रामकुंडाच्या काठावर बसून लिहिले असावे. ५०० किलो म्हणजे एका चौरस मीटरमध्ये सात-आठ माणसे. अशी दाटी पर्वणीच्या दिवशी होते. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते रस्त्यावर, पुलावर नव्हे. पण दाटी कुठवर जाते ते तिथे दिसले.

पुढचे कलम मात्र या गावाला पटण्यासारखे नाही. गाळा ७.५ मीटरपेक्षा लांब असेल तर पदपथाचा भार कमी करत न्यायची मुभा आहे. ३० मीटरच्या गाळ्यावर ५०० चे ४०० होतात. लांब पूल टोकापासून टोकापर्यंत एकाच वेळी गच्च भरण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा तर्क. एरवी बरोबर आहे. शाही स्नानाच्या सकाळी गोदावरीच्या पुलांवर हा तर्क लावू नये.

शिवाय त्या दिवशी वाहने बंद असतात आणि लोक पदपथावर नसतातच, रस्ताभर असतात. ७.५ मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला ५०० किलो : पुलाच्या प्रत्येक मीटर लांबीवर पावणेचार टन. क्लास ए च्या दोन रांगा सरासरीने मीटरला तीन टनांच्या आत येतात. म्हणजे लांब गाळ्यावर, आघात सोडून बोलायचे तर, ट्रकांपेक्षा माणसे जड. तरी वाहने बंद केली की पूल हलका झाला, असेच वाटत राहते. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पडला, तेव्हा त्यावर पर्यटकांची गर्दीच होती. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी कोणत्याही प्रणालीत नाशिकचा पूल तपासायचा तर ही भारस्थिती हाताने घालावी, नुसत्या वाहनांच्या यादीवर विसंबू नये.

जुन्या पुलांचे काय

अहिल्याबाई होळकर पूल, म्हणजे पूर्वीचा व्हिक्टोरिया, हा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा. अशा पुलाला मोमेंटची भाषा नीट लागू पडत नाही. कमान दाबावर जगते, आणि आत भराव किती, सांधे किती सुटले, हे संगणकाला कोणी सांगावे लागते. जुन्या पुलांची क्षमता ठरवायला आयआरसीची वेगळी मार्गदर्शिका आहे, विशेष प्रकाशन (एसपी) क्रमांक ३७.

शेवटी भारचाचणी असते, तिथे सॉफ्टवेअर बाजूला पडते. खडीने भरलेले डंपर आधी वजनकाट्यावर तोलतात, स्लॅबवर खडूने मारलेल्या खुणांवर टप्प्याटप्प्याने आणून उभे करतात. गाळ्याखाली बांबूच्या किंवा लोखंडी मचाणावर पुलाचे वाकणे मोजणारे डायल गेज लावलेले असतात. पूर्ण भार चोवीस तास ठेवतात. त्या चोवीस तासांत कोणीतरी कनिष्ठ अभियंता वहीत वाकण्याबरोबर तापमानही लिहीत असतो, कारण नुसत्या उन्हानेही पूल दोन-चार दशांश मिलिमीटर हलतो. मग डंपर उतरवतात आणि आणखी चोवीस तास थांबतात. साध्या आरसीसी पुलाचे वाकलेले ७५ टक्के परत आले पाहिजे, पूर्वप्रतिबलित (आतल्या पोलादी तारा आधीच ताणलेल्या) काँक्रीटच्या पुलाचे ८५ टक्के.