जास्त दुखलं म्हणजे कच्चा गडी?

पहिल्याच दिवशी दोघांनी सारख्याच उठाबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी एक आरामात जिना उतरतो, दुसरा कठडा धरून एकेक पायरी. मग ठरलेलं वाक्य येतं: ‘याच्या अंगात दमच नाही, लॅक्टिक ॲसिड साठलंय.’ दोन्ही चूक.

व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, साधारण तासाभरात पूर्ववत होतं. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. कारण वेगळं आहे. खाली बसताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि मागोमाग दाह.

ही इजा किती होईल, हे माणसागणिक फार बदलतं. सारख्याच व्यायामानंतर रक्तातलं क्रिएटिन कायनेज (इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम) कुणाचं जेमतेम हलतं, तर कुणाचं हजारोंच्या घरात जातं. यात जनुकांचा वाटा आहे, आधीच्या सवयीचाही. शिवाय दुखणं आणि इजा यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. तोच व्यायाम काही आठवड्यांत पुन्हा केला, तर त्रास बराच कमी होतो.

म्हणून कृपा करून कुणाला ‘सहन कर’ म्हणून रेटू नका. लघवी चहासारखी गडद झाली, तर लगेच डॉक्टर गाठा. मूत्रपिंडाला धोका असू शकतो.